लासुर्ण्यातलं औक्षण

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. लासुर्ण्याच्या जोतीरामच्या गोठ्यात कडब्याला टेकून उभी असते, आणि खरं सांगायचं तर माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

मला ना घंटी, ना कॅरियर, ना मडगार्ड. "हिला दुधाची किटली कुठं अडकवायची?" म्हणून गाव मला हसलं. जोतीरामने मात्र जिवापाड जपलं. रोज माझी साखळी पुसायचा, तेल द्यायचा.

१९९६च्या आषाढात इंदापूर ते बारामती अशी मोठी शर्यत भरली. पहिल्या तिघांना एका कंपनीच्या संघात पगारी जागा मिळणार होती. रस्ता सपाट, पण पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. अशा वाऱ्यात एकट्याने रेटणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पुढच्याच्या पाठीआड लपायचं आणि शेवटी बाहेर पडायचं. बावड्याच्या मानसिंगच्या पाठीआड आम्ही मस्त लपलो होतो. अंथुर्णे मागे पडलं, तेव्हा जागा आपलीच, अशी माझी खात्री झाली.

आणि लासुर्णे आलं! अख्खं गाव रस्त्यावर. बाकीच्यांना वाट दिली आणि म्हाताऱ्या तात्याबांनी माझं हँडलच धरलं. समोर जोतीरामची आई, कुशाबाई, औक्षणाचं ताट घेऊन उभी.

"आई, सोड गं! म्होरची पोरं गेली!" जोतीराम ओरडला.

"जातील कुठं? रस्ता ह्योच हाय," तात्याबा म्हणाले.

वाऱ्याने दिवा विझला. कुशाबाईंनी काडी ओढली. पुन्हा विझला.

"इझल्या दिव्यानं ओवाळू व्हय? अपशकुन व्हईल," म्हणत त्यांनी पदर आडवा धरला. दिव्याला आडोसा मिळाला, आमचा गेला. ओवाळून तोंडात साखर पडेस्तोवर मानसिंग ठिपक्याएवढा झाला होता.

पुढे बारामतीपर्यंत तो वारा आम्ही एकट्याने खाल्ला. आठवे आलो. जोतीरामने घरी येऊन मला गोठ्यात लावलं, ते लावलंच.

राग तरी कुणावर काढू? सगळं मायेपोटीच झालं ना!

परवा दसऱ्याला कुशाबाईंनी मला धुतलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं. गोठ्यात वारा नाही. दिवा पहिल्याच काडीला लागला. माझ्या चाकांत मात्र हवा नव्हती.

मित्रांनो, पळणाऱ्याला मुक्कामावर ओवाळा, वाटेत अडवून नको. आणि माझी माळ राहू द्या हवी तर, पण कुणीतरी एक पंप आणा.