गाण्याच्या बाई बाकावरून उठल्या नाहीत

त्या एका प्रश्नापायी मोठ्या बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. नको तिथे चौकशी करायची खोड मेली! चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, सगळे कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला रांगेत गेले आणि त्यांच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई तेवढ्या बाकावर बसून राहिल्या. म्हणून बाहेर आल्यावर मोठ्या बाईंनी फादरांच्या देखतच विचारलं, "काय गं, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे, बाई. पण आता मला घेता येत नाही. घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न केलंय, कचेरीत जाऊन. चर्च ते लग्न मानत नाही."

गुपचूप रांगेत उभ्या राहिल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण देवापुढे लबाडी करणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि तेच अंगाशी आलं.

शाळा चर्चची, कारभार फादरांकडे. ते काही दुष्ट नव्हते. झोप उडालीय हे डोळ्यांवरून दिसत होतं. "बाई, गाण्याच्या बाई मुलांना प्रार्थना शिकवतात. शिकवणारा कसा जगतो हे पाहायचा हक्कच नसेल, तर ही शाळा आपली कशी? धर्मावरून किंवा खासगी आयुष्यावरून कुणाला कामावरून काढायला कायद्याने बंदी आहे, पण वकील म्हणतात, धर्मसंस्थांना सूट आहे. त्यांना काढायच्या पत्रावर मुख्याध्यापिका म्हणून सही तुमची लागेल."

मोठ्या बाईंना ते पटत होतं, हीच तर पंचाईत! आणि घरी लेक फणफणत बसलेली.

"आई, गळ्यात क्रॉस घालते म्हणून दवाखान्याने मला घरी बसवलं होतं. ह्याच कायद्याने परत कामावर घ्यायला लावलं ना? तेव्हा चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलीस!"

"तुझं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं, सांग की."

"तोंड सांभाळून बोल," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी सही केली. गाण्याच्या बाई भांडल्या नाहीत. त्यांनी पेटीवर कापड नीट घातलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "तुमच्यावर राग नाही हं, बाई," म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मिस्सात रांग लागली. आपण कुणावर अन्याय केल्याचा सल मनात असेल तर वेदीपाशी जायचं नाही, आधी त्या माणसाकडे जायचं, हे मोठ्या बाईंनीच वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्या बाकावरच बसून राहिल्या. वेदीवरून फादरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

शेजारी उभी राहिलेली लेक वाकली. "आई, चल ना. बरं वाटत नाहीये का?"

मोठ्या बाईंनी पाय आखडून तिला वाट करून दिली.

"बरी आहे गं," त्या म्हणाल्या. "तू जा."