पाचव्या गिअरवर नऊ वर्षं

मी एक जुनी सायकल आहे, आणि मित्रांनो, साधीसुधी नाही, डोंगर चढायची सायकल आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघून ते कुणालाच कळत नाही. माझ्या मागे कॅरियर आहे. कॅरियरवर दुधाच्या बाटल्यांचा निळा क्रेट बांधलेला आहे. बाजूला स्टँड, चाकांवर मडगार्ड, हँडलला भली मोठी घंटा. आणि आयुष्याची नऊ वर्षं मी काढली ती फ्रीसलँड नावाच्या सपाट प्रांतातल्या एका गावात, जिथे सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल. आता मी चिडू नको तर काय करू?

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वेल्डिंगच्या ठिणग्या, मग खोक्यातला अंधार. मला खरं रूप दिलं ते रूलीने. रूली म्हणजे साठीची, जाड चष्म्याची, बोटांच्या रेषांत कायमचं ग्रीस बसलेली बाई. तिचं सायकलचं दुकान चर्चच्या मागे होतं. तिने मला जोडलं, पुढच्या, हादरे झेलणाऱ्या दट्ट्यात हवा भरली, ब्रेक घासून बघितले आणि खिडकीत उभं केलं. माझ्या टायरला तेव्हा चांगले जाडजूड दात होते. मी वाट बघत होते डोंगराची.

आली विट्स्के. वय पन्नास, अंगाने उंच, बोलायला तुटक. कालव्यावरचे तीन पूल उघडायचं काम तिच्याकडे होतं. सोबत तिचा मेहुणा होत्झे होता, ज्याला जगातल्या प्रत्येक वस्तूची खरी किंमत माहीत असते.

"कुठे चालवणार?" रूलीने विचारलं.

"माझी मुलगी आर्देनच्या डोंगरात राहते. जंगलखात्यात आहे. तिच्या घरामागून एक वाट डोंगरावर जाते. वर बाक आहे म्हणे. ती मला तिथे नेणार म्हणते."

"चालत जा की."

"चार किलोमीटर? चालत?" विट्स्केने असं बघितलं की जणू रूलीने तिला पोहत जायला सांगितलं होतं. आमच्याकडे चालणं ही सायकल बिघडल्यावर करायची गोष्ट आहे.

"वर्षातून किती वेळा जाशील?"

"एकदा. फार तर दोनदा."

होत्झेने लगेच खिशातून सुपरमार्केटचा कागद काढला. "हे बघ. पुढेही स्प्रिंग, मागेही स्प्रिंग, आणि किंमत हिच्या निम्मी."

"त्या किमतीत दोन स्प्रिंग म्हणजे दोन्ही शोभेचे," रूली म्हणाली. "पोत्यावर बसल्यासारखी डुलेल नुसती. हे बघ विट्स्के, कधीमधीच जाणार असशील तर महागाची घेऊ नकोस, पण भंगारही घेऊ नकोस. चढावर हलके गिअर लागतात, उतारावर चांगले ब्रेक लागतात, आणि टायरला दात लागतात. बाकी सगळी हौस. पाय टाकून उभी राहा बघू हिच्यावर."

विट्स्के माझ्यावर उभी राहिली. उंचीला मी तिला इतकी बरोबर बसले की रूलीने मान डोलावली. मग रूलीने तिचा अंगठा धरून माझ्या उजव्या बाजूच्या, गिअरच्या खटक्यावर ठेवला. "नऊ गिअर आहेत. चढ दिसला की हा दाबायचा. चढ लागायच्या आधी, दमल्यावर नाही."

"हो हो, कळलं."

"आत्ता पाचवर ठेवलाय."

सहाशे युरोला मी विकली गेले. मित्रांनो, लोक चुकीची वस्तू घेतात आणि मग रडतात. माझ्या बाबतीत निवड अगदी बरोबर झाली होती, आणि तेच तर माझं दुखणं आहे. बरोबर वस्तू घेऊन तिची माती करायला जास्त अक्कल लागते, आणि ती होत्झेकडे भरपूर होती.

त्याच आठवड्यात विट्स्केचा वाढदिवस होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून बसले, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, केकचा एकेक तुकडा वाटला गेला. मी दाराशी उभी होते. केक संपल्यावर बोलायला विषय हवा म्हणून सगळे माझ्यावर घसरले.

"सहाशे? वर्षातून एकदा चालवायला?"

"उभी कशी करायची ही? स्टँडच नाही."

"पावसात पाठीवर चिखलाची रांगोळी येईल."

"मला द्या शनिवारी," होत्झे म्हणाला. "माणसात आणतो तिला."

शनिवारी त्याने मला माणसात आणलं. स्टँड, कॅरियर, त्यावर क्रेट, मडगार्ड, घंटा. माझे दातवाले टायर विटांच्या रस्त्यावर गुणगुणतात म्हणून ते काढून गुळगुळीत टायर चढवले. मला कुणी विचारलं? विट्स्के एवढंच म्हणाली, "बरं झालं, आता रोज वापरता येईल. पडून राहण्यापेक्षा बरं."

आणि मग सुरू झाली ती नोकरी. एप्रिल ते ऑक्टोबर कालव्यात शिडाच्या बोटी यायच्या. बोट आली की विट्स्के पहिला पूल उघडायची, बोट गेली की बंद करायची, आणि मग माझ्यावर टांग मारून बोटीच्या पुढे धावायचं, दुसरा पूल उघडायला. मग तिसरा. मग उलट दिशेने येणारी बोट. दिवसातून वीस वेळा. बोटीवरची माणसं हात करायची. "विट्स्के, कसली दणकट सायकल आहे गं तुझी!" ती म्हणायची, "डोंगराची आहे." आणि सगळे हसायचे. सुरुवातीला मला कौतुक वाटायचं. तिसऱ्या वर्षी कळलं की तो विनोद होता.

समोरून वारा आला तरी ती गिअर बदलायची नाही. उभी राहून, दात खाऊन पेडल मारायची. जन्मभर बिनगिअरच्या सायकलवर वाढलेली बाई, तिला पायाच्या जोरावर भारी विश्वास. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचे, ते माझ्या अंगावर उडायचं, आणि मी दिवसभर पुलाशेजारच्या तिच्या कामाच्या खोपटाबाहेर ओली उभी. गिअरच्या तारेत हळूहळू गंज चढला. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

दर मे महिन्यात मुलीचा, मारितचा, फोन यायचा. खोपटाची खिडकी उघडी असायची आणि फोन मोठ्या आवाजावर, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"कधी येतेस आई?"

"आता बोटींचा हंगाम आहे. पूल कोण उघडणार?"

नोव्हेंबरात पुन्हा.

"आता तर बोटी नाहीत."

"पुलांचे कठडे रंगवायचेत. आणि तुमच्याकडे थंडी फार."

"तुमच्याकडे काय ऊन पडलंय?"

पहिली काही वर्षं मारित नाताळला इकडे यायची. माझ्याकडे एकदा बघायची आणि आत जायची. मग तिने येणं थांबवलं. मग फोन वर्षातून एकच झाला. माझा जीव नुसता टांगणीला. मी त्या एका कामासाठी घेतली गेले होते, आणि ते एक काम सोडून बाकी सगळं माझ्याकडून करून घेतलं जात होतं. घरात अशी माणसंही असतात, त्यांनाही माझ्यासारखंच वाटत असेल.

नवव्या वर्षी पूल आपोआप उघडायला लागले. दूर कुठेतरी एका खोलीत बसलेला माणूस कॅमेऱ्यातून बघून बटण दाबतो म्हणे. विट्स्केला फुलं दिली, केक दिला, आणि खोपटाची किल्ली परत घेतली. आता पूल नाही, बोटी नाहीत, कठडे नाहीत. कारणं संपली. दोन आठवडे ती स्वयंपाकघरात बसून होती. मग तिने स्वतःहून फोन लावला.

"येऊ का?"

पलीकडून मारित काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण रात्री विट्स्केने होत्झेला सांगितलं तेव्हा कळलं. "ती म्हणाली, यायचं तर ये. मी विचारणं सोडलंय."

"मी गाडीने सोडतो," होत्झे म्हणाला.

"तू गप्प बस. तू खूप केलंयस."

ते ऐकून मला जे बरं वाटलं ते काय सांगू. आम्ही दोघी आगगाडीने गेलो, तीनदा गाडी बदलून. आणि मित्रांनो, शेवटच्या गाडीच्या खिडकीतून मी पहिल्यांदा डोंगर बघितला. मला वाटलं, आता बघाच.

मारित दारात उभी होती. तेहतीस वर्षांची, आईएवढीच उंच. मायलेकींनी गालाला गाल लावले, तीनदा, रीतसर. मग ती माझ्याकडे वळली.

"हिच्यावर अजून क्रेट आहे."

"डबा राहतो त्यात."

"आई, आपण डोंगरावर चाललोय."

"मग डबा नको का?"

वाट सुरुवातीला सोपी होती. बारीक खडी, दोन्हीकडे बीच जातीची उंच झाडं, खाली ओला पाचोळा. मग वळण आलं आणि चढ लागला. खरा चढ. पुढून, तिच्या सायकलवरून मारित ओरडली, "आई, गिअर!"

विट्स्केने अंगठा दाबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी जीव एकवटून तार ओढायला बघितली. काही हललं नाही. ती उभी राहून पेडल मारायला लागली, तर गुळगुळीत टायर पाचोळ्यावर घसरला आणि आम्ही दोघी आडव्या झालो.

मारित सायकल टाकून धावत आली. लागलं नव्हतं. तिने माझा खटका दाबून बघितला, दोन्ही अंगठ्यांनी दाबला.

"हा शेवटचा कधी बदलला होतास?"

विट्स्के गुडघा झाडत राहिली. "आमच्याकडे लागत नाही."

"नऊ वर्षांत एकदाही नाही?"

"लागला नाही, मारित."

"तुला कधीच काही लागत नाही. बाबा गेले तेव्हा तुला कुणी लागलं नाही, दुसऱ्या दिवशी पुलावर हजर. मी घर सोडून इकडे आले तेव्हाही नाही. दर वर्षी मी वेड्यासारखी विचारत होते, आणि तू कठडे रंगवत होतीस."

विट्स्केने मला उचललं आणि माझं तोंड उताराकडे फिरवलं. "मी जाते. तीनची गाडी मिळेल."

मला किंचाळावंसं वाटलं. इथवर येऊन! अर्ध्या चढावरून! ती चार पावलं खाली उतरली. उतार तीव्र होता, तिने ब्रेक दाबले, आणि माझे ब्रेक, जे रूलीने इतक्या प्रेमाने लावले होते, घट्ट बसले. ती थांबली. थांबली ती तशीच उभी राहिली, माझ्या हँडलवर वाकून.

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली.

"चढाची?"

"नाही गं. तू इथे सुखात असशील याची. बघितलं असतं तर नक्की झालं असतं की तू परत येणार नाहीस. न बघता मला म्हणता येत होतं की येईल."

मारितने मान वळवली. तिचे डोळे भरले होते आणि तिला ते दाखवायचे नव्हते, हे मला खालून स्पष्ट दिसत होतं. मग ती आली, तिने माझं तोंड पुन्हा चढाकडे केलं आणि मागून कॅरियर धरला. "तू हँडल धर. मी ढकलते."

"चालत जायचं?"

"हो आई. चालत."

ज्या कॅरियरला मी नऊ वर्षं शिव्या घातल्या, त्याला धरून मारितने मला वर नेलं. वर बाक होता, खाली नदीचं वळण होतं. टेकवायला जवळ झाडही नव्हतं. विट्स्केने पायाने स्टँड पाडला, आणि मी डोंगराच्या माथ्यावर होत्झेच्या स्टँडवर उभी राहिले. माझा संताप कुठे ठेवू ते मला कळेना.

"ते लाल छप्पर दिसतंय? ते माझं घर," मारित म्हणाली.

विट्स्केने डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "धुणं बाहेर ठेवलंयस," ती म्हणाली. "पाऊस येईल."

मारित हसली. मग दोघींनी डब्यातली राय नावाच्या धान्याची भाकर आणि चीज खाल्लं. आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

निघताना मारितने मला ठेवून घेतलं. "ही इथेच राहील. चालवायची असेल तर यावं लागेल."

"मग तिकडे मी काय चालवू?"

"माळ्यावरची जुनी काढ. तिला गिअर नाहीत, तुझं काही अडणार नाही."

मारितने माझी गंजलेली तार फेकून नवी घातली, दातवाले टायर चढवले. क्रेट मात्र काढला नाही. आता मी तिच्या पडवीत कोरड्या जागी असते, आणि म्हणून मला तुमच्याशी बोलायला फुरसत आहे.

मित्रांनो, स्वस्तातली असो की महागातली, सायकल घ्यायच्या आधी कुठे जायचंय ते ठरवा. घेतल्यावर तिथे जा. आठवड्यातून एकदा तिला पुसा, साखळीला तेल द्या, आणि गरज नसली तरी गिअर खालीवर करत राहा. न वापरलेली गोष्ट जपली जात नाही, ती गंजते. हे मी कुणा शहाण्याकडून ऐकलेलं नाही, माझ्या तारेला विचारा.

विट्स्के त्यानंतर तीनदा आली. पहिल्या दोन्ही वेळा चढावर दात खाऊन उभी राहिली, आणि मागून मारितला ओरडावं लागलं. कपाळावर हात मारायला मला हात नाहीत म्हणून, नाहीतर मारला असता.

तिसऱ्यांदा आली ती काल. वळण आलं. चढ अजून दहा हात पुढे होता. मागून मारित काही बोलली नाही, मुद्दाम बोलली नाही. आणि विट्स्केचा अंगठा हळूच खटक्यावर आला आणि त्याने तो दाबला, चढ लागायच्या आधी.