रांजणाच्या काठावरचं मेण

नव्या सरकारविरुद्धचं बंड फसल्यावर नवव्या दिवशी एलिझबार घरी आला. पायात गोळी होती. काखेती प्रांतातल्या आमच्या सरदार घराण्याचा हा शेवटचा वारस. दोघा थोरल्या भावांना आधीच भिंतीपाशी उभं करून मारलं होतं. त्याच्या आईने, दारेजान बाईसाहेबांनी, माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षं त्यांची वाइन करणाऱ्याला आणखी काय सांगायचं?

रांजणघरात अकरा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले, पुरुषभर खोल. तिसरा रिकामा होता, धुतलेला. तरी सवयीने मी आधी त्यात पेटती मेणबत्ती सोडली. द्राक्षं आंबतात तिथे विषारी हवा साचते. ज्योत विझली तर माणूसही विझतो. ज्योत तगली. मी त्याला आत उतरवलं आणि श्वासापुरती फट ठेवून वर दगडी झाकण सरकवलं.

दुपारी नव्या सरकारचे शिपाई आले. त्यांच्या शहरी अधिकाऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने माझे दात पाडले. तरी एलिझबार कुठे आहे ते मी सांगितलं नाही. मग त्याने बाईसाहेबांचा हात उंबऱ्यावर ठेवून दगडाने ठेचला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सातव्यात आहे तो."

सातव्यातली वाइन आदल्याच दिवशी उपसली होती, तळाशी चोथा आंबत होता. एक शिपाई उतरला आणि हूं की चूं न करता कोसळला. त्याला काढायला दुसरा गेला, तोही गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसरा शिपाई खालच्या गावातला, आमच्याकडेच द्राक्षं तुडवून मोठा झालेला. "साहेब, म्हातारीने फसवलं," तो म्हणाला. "हे लोक मेणबत्ती सोडल्याशिवाय रांजणात कुत्रंही उतरवत नाहीत."

अधिकारी वाकून एकेक काठ पाहत गेला. तिसऱ्याच्या काठावर मेणाचे तीन ताजे थेंब होते. जन्मभर काठ पुसत आलो, नेमका त्याच दिवशी विसरलो.

त्याने आत सहा गोळ्या झाडल्या. बाईसाहेब त्याच्या अंगावर धावून गेल्या, तेव्हा सातवी त्यांना. त्या माझ्या मांडीवर गेल्या. शेवटी एवढंच विचारलं, "खारितोन, ज्योत तगली होती ना?"

मला जिवंत ठेवलं, कारण वाइन करायला कुणीतरी हवंच होतं. पुढच्या हंगामात तिसरा रांजण धुवायचा हुकूम आला. उतरण्याआधी मी मेणबत्ती सोडली. त्या मेलीने या खेपेला तरी विझायला हवं होतं. ती तगली.