कडी नसलेलं घुंगरू

"सकाळची लघवी अजून काळपट होते?" शाहूपुरीतल्या रक्ताच्या डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. कोऱ्या च्यागत," शांतव्वा म्हणाली. हे उत्तर देऊन देऊन ती विटली होती. कुणी कावीळ म्हणालं, कुणी मुतखडा. शेजारच्या बनाबाईनं तर पहिल्याच वर्षी निकाल दिला होता: चांदी धुवायचं तेजाब रक्तात उतरलंय, पोरीला जवळ घेऊ नको. शांतव्वाच्या हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण होतात, घरोघर तेजाब असतं आणि बाकीच्या बायका धडधाकट होत्या, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. भीतीला डोकं कुठं असतं? शांतव्वानं सात वर्षांच्या पवित्राला राधानगरीला, मूल नसलेल्या बहिणीकडं धाडलं.

आता अठ्ठ्याण्णव साली पवित्रा कॉलेजात होती. आज ती आईच्या सोबतीला आली होती आणि सवयीनं खुर्ची जरा लांब ओढून बसली होती.

मुंबईहून आलेला रिपोर्ट डॉक्टरांनी पुन्हा वाचला. "तेजाबाचा काही संबंध नाही. तांबड्या पेशीवर तिची राखण करणारी प्रथिनं असतात. ती धरून ठेवायला पेशी स्वतःच चरबीचा एक बारीक खुंटा घडवते. खुंटा पेशीच्या पडद्यात रुततो, प्रथिन त्याला अडकतं. तुमच्या बऱ्याच पेशींना हा खुंटाच घडवता येत नाही. राखण नसली की जंतूंवर सुटणारी फौज आपल्याच पेशी फोडते. त्यांचा रंग लघवीत उतरतो."

"म्हंजे घुंगरू हाय, पर त्येला कडीच न्हाय."

"तसंच."

"पोरीला लागतंय ह्ये?"

"नाही. शिवून लागत नाही, पोटच्यांना जात नाही. तुमच्या हाडांच्या मज्जेतल्या एका पेशीत मध्येच कधीतरी बिघाड झाला आणि तिचीच पिलावळ वाढली."

मुळावरचं औषध आज तरी नाही, रक्त कमी झालं की भरायचं, असं डॉक्टर पुढं सांगत होते. शांतव्वाचं तिकडं लक्षच नव्हतं.

एस.टी. स्टँडवर ती म्हणाली, "ऐकलंस न्हवं? शिवून लागत न्हाय."

"ऐकलं की."

"मग चल घरला. आता माझ्याजवळच ऱ्हा."

पवित्रानं गाड्यांच्या पाट्या बघितल्या. "आज न्हाय जमायचं. अव्वा जेवायची थांबली असंल."

अव्वा म्हणजे आई, पण पोरगी बोलत होती मावशीबद्दल. पोरीच्या तोंडून ती हाक मावशीसाठी शांतव्वानं पहिल्यांदाच ऐकली. तिला फार लागलं. पण रागवायचं कुणावर?

"व्हय. तिला ताटकळत ठेवू नगंस," ती म्हणाली.

राधानगरीची गाडी लागली. पवित्रानं खिडकीशी जागा धरली आणि काय वाटलं कोण जाणे, हात बाहेर काढला. शांतव्वानं तो दोन्ही हातांनी धरला. हात चांगला मोठा, घट्ट झाला होता, भांडी घासून खरखरीत. गाडी हलली, तरी पोरीनं हात मागं घेतला नाही. शांतव्वाच दोन पावलं गाडीबरोबर चालली आणि मग तिनंच सोडला.