एक जूनची लेकरं

एक जून हा आमच्या शाळेचा खरा सण. जनरल रजिस्टर उघडून बघा, निम्म्या पोरांचे वाढदिवस त्याच दिवशी. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकणार, आणि लेकरू सहा वर्षांचं भरेल असं साल. सेनगावजवळच्या या तांड्यावर मीही चौदा वर्षं तेच केलं. त्यात कुणाचं काय जातं, असं वाटायचं.

२००९ च्या जूनअखेरीस किसनसिंग सकाळीच व्हरांड्यात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, शितलच्या जन्मतारखेचा उतारा पाहिजे. परवा जवळा बाजारला सामूहिक लग्न हाय. तिथं वयाचा कागद बघतेत."

"लग्न? कुणाचं?"

"शितलचंच की. एक जूनला अठरा पुरी झाली."

शितल आताच दहावी झाली होती, अडुसष्ट टक्के. परवा साखर घेऊन आली, तेव्हा अकरावीला सेनगावला जाणार म्हणून नाचत होती. आता ती बापामागे हापशापाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

कपाटाची किल्ली सापडेना. टेबल उचकलं, पिशवी झाडली, दोनदा व्हरांड्यात येरझारा घातल्या. किल्ली खिशातच होती. रजिस्टर काढलं. शितल किसनसिंग, १ जून १९९१. अक्षर माझंच, चांगलं वळणदार.

तिची खरी तारीख अख्ख्या तांड्याला पाठ आहे. किल्लारीचा भूकंप झाला, त्या पहाटे ती जन्मली. म्हणजे त्र्याण्णव साल. सत्त्याण्णवला पटावर पोरं कमी पडली आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा जायची वेळ आली. थोरली बहीण पुजा शितलला कडेवर घेऊन शाळेत यायची. मी म्हटलं, हिलाही नोंदवू. किसनसिंग तेव्हा घाबरत म्हणाला होता, "गुरुजी, लेकरू चार वर्षाचंबी न्हाई." मी हसून म्हणालो होतो, "कागदावर बसतंय, बाकी मी बघतो." पुढे पहिलीतच तीन वर्षं काढली बिचारीने, त्यातली दोन पुजाच्या मांडीवर झोपून.

"किसनसिंग, पोरगी सोळाचीसुद्धा नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"कागदावर बसतंय ना, गुरुजी? बाकी आमी बघतो."

टोमणा नव्हता त्यात. साधेपणाने बोलला, म्हणून जास्त लागलं.

मी कोरा कागद ओढला. लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: शितलची नोंद मी स्वतः खोटी केली, तिचा जन्म ३० सप्टेंबर १९९३ चा. खाली सही केली, शिक्का मारला.

"नोकरी जाईल तुमची," किसनसिंग म्हणाला.

"जाऊ द्या. पण हे लग्न होणार नाही."

हापशापाशी शितलने ओढणीत तोंड लपवलं. रडत होती की हसत होती, कळलं नाही. खोटं कशाला बोलू, मला घटकाभर माझाच अभिमान वाटला.

किसनसिंग मात्र जागचा हलला नाही. त्याला वाचता येत नाही. तरी त्याने रजिस्टरवर हात ठेवला.

"मंग पुजाचं काय, गुरुजी? ती तर सोळाचीच व्हती. तिचाबी कागद तुमीच दिला व्हता. तवा काहून न्हाई बोलले?"

दोन वर्षांपूर्वीचं पुजाचं लग्न. पंगतीत बुंदी मीच वाढली होती, आग्रह करकरून.