देऊळ नव्हे, घोंगडीचं दुकान

मी फोनच्या नकाशावरची एक लाल खूण बोलतेय. गोड बोलायचं ठरवून आले होते, पण राग आवरत नाही. तीन वर्षं मी खोट्या नावानं उभी आहे.

माझा जन्म माण तालुक्यात, दहिवडीच्या रस्त्यावर, नाथाजी सणगर आणि त्यांची बायको रंगूबाई यांच्या दुकानावर झाला. रंगूबाई लोकर कातते, नाथाजी हातमागावर घोंगडी विणतात, विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणतात. पारायणाला आसन म्हणून, म्हाताऱ्यांच्या दुखऱ्या कंबरेखाली अंथरायला अशी घोंगडी लोक अजून शोधतात. पण आता शोधतात ते फोनवर. म्हणून मी हवी होते.

मला नकाशावर लावलं बाळासोनं. त्याचं रिचार्जचं दुकान. गाडीवरून पाय खाली न टेकता त्यानं फलकाचा फोटो काढला. फलकावर वर ठसठशीत ‘श्री सिद्धनाथ प्रसन्न’ आणि खाली बारीक अक्षरांत घोंगडीचं. ती बारीक अक्षरं टांगलेल्या घोंगड्यांमागं झाकलेली. बाळासोनं दिसलं तेवढं भरलं. नाव, श्री सिद्धनाथ. प्रकार, देऊळ. रंगूबाईनं त्याला वर चहाही पाजला.

मग लोक यायला लागले, हातात नारळ घेऊन. कुणी दारात चपला काढून आत डोकवायचं आणि मागाकडं बघून हात जोडायचं. रंगूबाई बिचारी पाणी द्यायची, खऱ्या देवळाची वाट दाखवायची. फोन वाजला की नाथाजींच्या कपाळाला आठी.

“आरती किती वाजता आवं?”

“आमी घोंगडीवाले हाय.”

“व्हय, पण आरती?”

आणि ते तारे. एका गृहस्थानं लिहिलं, ‘दर्शन छान झाले, प्रसन्न वातावरण’, पाच तारे. तो गाडीतून उतरलाही नव्हता. मी बघत होते. दुसऱ्यानं लिहिलं, ‘इथे देऊळ नाही, घोंगड्यांचे दुकान आहे’, आणि मला एक तारा. माझ्याबद्दल एकच माणूस खरं बोलला आणि त्यानंच मला शिक्षा दिली. ‘घोंगडी’ असं कुणी शोधलं की मात्र मी दिसायचेच नाही. यंत्रावरच्या चादरी विकणारं हमरस्त्यावरचं दुकान सगळ्यांत वर, कारण त्यानं आपलं नाव, काम, वेळ नीट भरली होती. त्याचा काय दोष? राग मला आमच्या माणसांचाच येतो.

यंदा घट बसायच्या आधी नाथाजी बोलून गेले, “दसऱ्यापतूर गिऱ्हाइकाची वाट बघू. न्हाई तर माग मोडतो आन् शिरवळला कंपनीच्या गेटवर वाचमन म्हून हुबा ऱ्हातो.” रंगूबाईच्या हातातला धागा तुटला.

तिची भाची प्रियंका सांगलीहून आली होती. तिनं फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. “मावशी, तुझं दुकान नकाशावर देऊळ झालंय. नाव बदलूया.”

“देवाचं नाव पुसू व्हय? नवरात्र तोंडावर आलंय.”

“फलकावर राहू दे की. फोनमध्ये फक्त दुकान लिहू.”

“त्येला इचारल्याबिगर न्हाई.”

मग रविवारचा उपास धरून रंगूबाई प्रियंकाला घेऊन कौल लावायला देवळात. मी रंगूबाईच्या पिशवीतल्या फोनमध्ये. पुजाऱ्यांनी मूर्तीला दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दहा वाजले, बारा वाजले. दोन्ही कळ्या जागच्या जागी. मला देवाचाही राग आला, खोटं कशाला सांगू?

रांगेत चंद्राबाई होती, ऐंशीच्या घरातली, तोंडानं फटकळ. सगळं ऐकून म्हणाली, “रंगू, तुझ्या दारात नारळ कुणाचं येत्यात?”

“देवाचं.”

“मंग तीन वरसं त्येचं नारळ वाटंत आडवतीस, आन् वर त्यालाच कौल मागतीस? लय शानी हाईस.”

रंगूबाई पुढं सरकली. मग तिनं पदर सावरला, गाभाऱ्यापुढं डोकं टेकलं आणि कळ्यांकडं न बघताच बाहेर आली. “प्रियंका, लिही.”

पायरीवर बसूनच काम झालं. नाव, ‘नाथाजी सणगर घोंगडीवाले’. प्रकार, दुकान. वेळ, फोन, मागाचे फोटो, लोक शोधताना लिहितात तेच शब्द. प्रियंकानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले, “घोंगडी नेली ना तुमी? मग तसं लिवा की, मनापासनं.” चौघांनी लिहिलं. बाकीचे ‘बघतो’ म्हणाले.

नकाशावाल्यांना बदल तपासायलाच आठ दिवस गेले. काल माझं नाव पालटलं. देवदर्शनाचे खोटे तारे अजून अंगाला चिकटलेत, वर सरकायला वेळ लागेल. दसरा परवावर आलाय. आज सकाळी विट्याहून राजेश्वरी नावाच्या बाईंचा फोन आला. पारायणाला बसणाऱ्या सातजणींसाठी घोंगड्या हव्यात, विणून कधी मिळतील, असं विचारत होत्या. नाथाजींनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “कोजागिरीच्या पुनवंनंतर चार रोजानं एक, अशी देतो.” आणि ते मागावर बसले.

बाया-बाप्यांनो, माझं एवढं ऐका. तारा द्यायच्या आधी गाडीतून उतरा, दाराशी या, मालाला हात लावा. कुणाचं नाव भरायला बसलात तर टांगलेला माल बाजूला सारून पूर्ण फलक वाचा. तुमच्या एका बोटावर एखाद्याचा माग चालतो नाहीतर थांबतो. मी इथंच आहे, दहिवडीच्या रस्त्यावर. पुनवंनंतर या. नारळ आणू नका.