वाघाला कुठे भूल दिली होती

बिक-हाच्या गाडीवरची पेज चांगली असते, असं आमच्या गल्लीत कोणी म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही. गाडीच्या कडेला एक लाल प्लास्टिकचं स्टूल आहे, त्यावर तिचा बोका बसतो. सकाळी सबाही नावाचे मासे आले की बिक-हा पहिल्या माशाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवते. तो हुंगतो, खातो, मिशा पुसतो, आणि मगच बाकावरचे लोक आपापला वाडगा मागतात. तैवानातल्या आमच्या ताइनान शहरात माणसं डॉक्टर बदलतात, पक्ष बदलतात, आमच्या शेजारच्या एकाने तर आडनावसुद्धा बदललं. पण सकाळची माशाची पेज ज्या गाडीवर खातात ती गाडी बदलत नाहीत.

बोक्याचं नाव थाउके, म्हणजे शेठ. वय सतरा. एवढ्या वर्षांत त्याने मासा नाकारला तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा मासेवाल्याला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

तर मार्चमधल्या एका सकाळी थाउकेने तुकडा हुंगला आणि मान फिरवली.

बाकावरच्या बँकेतल्या बाईंनी भरलेला चमचा वाडग्यात परत ठेवला. बिक-हाने दुसरा मासा कापला. थाउकेने तो तोंडात घेतला, कळवळला आणि टाकून दिला.

समोरच्या गाडीवरून थियम-चाईने हाक मारली. तोही माशाची पेजच विकतो. त्याच्याकडे बोका नाही, आणि हे दुःख त्याने कधी लपवलेलं नाही.

"काय गं बिक-हा, शेठ संपावर गेले?"

"पोट भरलंय त्याचं."

"कशाने? माझ्याकडे तर आले नव्हते."

दोन-तीन दिवसांत बिक-हाला कळलं की खोट माशात नाही, बोक्याच्या तोंडात आहे. लाळ गळत होती, आणि तोंडाला असा वास येत होता की मीही स्टुलापासून दूरचा बाक धरला. पण गिऱ्हाइकांना हे सांगणार कसं? गाडीपाशी वास येतोय एवढं त्यांना कळत होतं, आणि वासावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं.

शेवटी ती थाउकेला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघाली. मी टोपली धरायला गेलो. निवृत्त माणसाला लोक हक्काने टोपल्या धरायला नेतात.

डॉक्टर ल्याओ ही लहानखुरी, शांत बाई. तिने बोटाने थाउकेचा ओठ वर केला, आणि मी भिंतीवरचा सोनमाशांचा तक्ता वाचायला गेलो.

"हिरड्या सुजल्यात, मावशी. मागचे दात मुळापासून गेलेत. काढायला हवेत. पूर्ण भूल देऊन."

"जागेपणी नाही होणार? माझी दाढ जागेपणीच काढली होती."

"तुम्ही तोंड उघडून बसला होतात."

"अगं, सतरा वर्षांचा आहे तो."

"वय म्हणजे आजार नव्हे. आधी रक्त तपासू, हृदय बघू, मूत्रपिंडं बघू. सगळं बरं असलं तरच भूल देऊ. पूर्ण वेळ त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा असेल."

"आणि उठेल ना?"

"बहुतेक उठेल."

खरं बोलणाऱ्या डॉक्टरांचं हेच असतं. एवढा वेळ छान बोलतात आणि शेवटी 'बहुतेक' म्हणतात.

"आणि नाहीच काढले तर?"

"दुखणं थोपवायचं औषध देते. पण मूळ कारण तिथेच राहील, आणि तो हळूहळू खाणं सोडेल. निर्णय तुमचा."

"निर्णय माझा, तर मग तू शिकलीस कशाला?" बिक-हा म्हणाली, पण टोपलीवरचा हात तिने काढला नाही.

तपासण्या चांगल्या आल्या. हृदय तर माझ्यापेक्षा बरं निघालं. तरी बिक-हाचा निर्णय होईना. गल्लीने सल्ले द्यायला सुरुवात केली. थियम-चाई म्हणाला, "आमच्या काकांना भूल दिली होती. सगळे रडत बसले होते. काका उठले आणि पहिल्यांदा जमिनीची वाटणी मागितली. पुन्हा सगळे रडले." यातून काय बोध घ्यायचा ते त्याने सांगितलं नाही.

मग बिक-हाने आमच्याकडे अशा वेळी जे करतात ते केलं. ती देवळात कौल लावायला गेली.

आमच्या गल्लीच्या टोकाला वैद्यदेवाचं देऊळ आहे. तिथली व्यवस्था क्वे आजोबा बघतात. चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार, पण तो लागोपाठ तीनदा यावा लागतो. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे, तर देव हसतोय.

"नाव, पत्ता, जन्मतारीख सांग," क्वे आजोबा म्हणाले. "नाहीतर देवाने शोधायचं कुठे?"

"जन्मतारीख कुठे माहीत आहे? गटारात सापडला तो दिवस माहीत आहे."

"तोच सांग. गटाराआधीचं देव बघून घेईल."

तिने तुकडे टाकले. दोन्ही उताणे. पुन्हा टाकले. पुन्हा उताणे. देवाला हसू आवरत नव्हतं.

"प्रश्नात गुंता आहे," क्वे आजोबा म्हणाले. "काढू का, भूल देऊ का, आणि तेवढा वेळ गाडी कोण बघेल, हे सगळं तू एका दमात विचारतेस. एकेक विचार. आणि आधी देवाच्या औषधांचा विभाग ठरव. मोठी माणसं की मुलं?"

"सतरा म्हणजे मोठाच की."

"वजन किती?"

"तान्ह्या पोराएवढं."

"मग मुलांचा विभाग. औषध वजनावर देतात."

मग बिक-हाने देवाला दातागणिक विचारलं. वरची उजवी मागची दाढ? होकार. वरची डावी? होकार, जरा आढेवेढे घेऊन. खालची उजवी? होकार. खालची डावी? दोन्ही पालथे. खालच्या डाव्या दाढेबद्दल देवाचं मत निराळं होतं. मागे उदबत्त्या घेऊन रांग लागली होती. त्यात एक मुलगा परीक्षेचं विचारायला आला होता. तो म्हणाला, "आजोबा, देवाने दातांचा दवाखाना कधी काढला?"

शेवटी भुलीचा प्रश्न आला. दोन्ही पालथे. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदाही पालथे.

"साहजिक आहे," क्वे आजोबा म्हणाले. "वाघाला कुठे भूल दिली होती?"

ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. देव जिवंतपणी वैद्य होता. घशात हाड अडकलेला एक वाघ त्याच्याकडे आला, वैद्याने जबड्यात हात घालून हाड काढलं, आणि तेव्हापासून तो वाघ देव्हाऱ्याखाली राखणीला बसला आहे. मांजराच्याच कुळातलं प्रकरण. याहून नेमका दाखला कोणत्या कोर्टात मिळणार?

आम्ही तो दाखला घेऊन डॉक्टर ल्याओकडे गेलो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"वाघ आपणहून आला होता?" तिने विचारलं.

"हो," बिक-हा म्हणाली.

"तोंड त्याने स्वतःच उघडलं?"

"असं सांगतात."

"मग देवाची पद्धत बरोबरच आहे. थाउकेने तसं तोंड उघडून धरलं तर मीही भूल देणार नाही. विचारून बघा."

ती हसली असती तर बिक-हा भांडली असती. ती हसली नाही, म्हणून आम्हाला विचारून बघावं लागलं.

हे काम देवासमोरच व्हावं, आणि आपल्याच हातून व्हावं, असं क्वे आजोबांचं म्हणणं पडलं. त्यांनी हात धुतले, उदबत्ती लावली आणि थाउकेला गालिच्यावर बसवून अदबीने विनंती केली. "थाउके, बाबा, तुझ्याच भल्यासाठी आहे. मोठा आ कर."

थाउकेने त्यांच्याकडे पाहिलं आणि खरोखरच आ केला.

ती जांभई होती. क्वे आजोबांनी तिला संमती समजून बोट आत घातलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. दात किडलेले असले तरी होते. नखं तर उत्तम होती. क्वे आजोबा फुलांच्या टेबलाला धडकले, संत्री देवळाभर झाली, आणि थाउके देव्हाऱ्याखाली जाऊन दगडी वाघाच्या पाठीशी बसला. दोघांपैकी कोण जास्त रागावलंय ते अंधारात कळत नव्हतं.

हाताला पट्टी बांधून झाल्यावर क्वे आजोबांनी डाव्या हाताने तुकडे उचलले. "भूल द्यावी का?"

होकार. होकार. होकार.

"देवाने पाहिलं ना सगळं," ते म्हणाले. "पुरावा समोर आला की मत बदलायला देवाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो आपल्या आमदारांना. आता उरलेलंही विचारून टाक, बिक-हा. उठेल का ते."

बिक-हाने तुकडे हातात घेतले, जरा वेळ धरले, आणि टेबलावर ठेवून दिले.

"ते नको."

"का गं?"

"नाही म्हणाला तर मी काय करू? आणि हो म्हणाला आणि तरी हा उठला नाही, तर उद्यापासून इथे पाया कशी पडू?"

क्वे आजोबा संत्री गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिक-हाने तुकडा ठेवलाच नाही. थाउके स्टुलावर बसून वाट बघत राहिला. मग ओरडला. कामावर हजर होऊनही काम मिळत नाही म्हणजे काय, अशा सुरात ओरडला. तिने तुकडा ठेवला. त्याने तो तोंडाच्या एका कडेने उचलला, टाकला. पुन्हा उचलला. मान वाकडी करून बघितली. लाळेची तार लोंबत होती, आणि तो मधूनमधून बाकावरच्या लोकांकडे बघत होता. पुन्हा टाकला, पुन्हा उचलला.

बिक-हाने तो तुकडा हाताने काढून घेतला. "पुरे रे," ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

"अहो, माझी पेज?" बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"समोर जा."

बिक-हाच्या तोंडून हा शब्द गल्लीने कधी ऐकला नव्हता. थियम-चाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

दवाखान्यात ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली. मी तिला धीर द्यायचं ठरवलं होतं, पण ती मलाच म्हणाली, "तुम्ही पाय हलवू नका हो, बाक हलतोय." बाक ती स्वतःच हलवत होती. मी पाय वर घेऊन बसलो, तरी बाक हलतच राहिला.

डॉक्टर ल्याओ टोपी काढत बाहेर आली. "उठला, मावशी."

"पूर्ण?"

"पूर्ण. माझ्या मदतनिसाला पंजा मारला."

"कुठला?"

"डावा."

"मग तोच आहे," बिक-हा म्हणाली आणि पहिल्यांदा टेकून बसली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि ती खालची डावी? देवाने ठेवायला सांगितली होती."

"मी काढली नाही. नुसता हात लावला, आपणच निघाली."

क्वे आजोबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, देवाने काढू नका म्हटलं होतं, पडणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

काढलेले दात बिक-हाने मागून घेतले, वरचे एका पुडीत, खालचे एका पुडीत. आमच्याकडे पोरांचे वरचे दात पलंगाखाली टाकतात आणि खालचे छपरावर, म्हणजे नवे दात आपापल्या दिशेने येतात. पलंगाखालचं काम तिने घरी उरकलं. पण ती राहते चौथ्या मजल्यावर आणि तिच्या गाडीला छत्री. हात पोचेल असं छप्पर गल्लीत एकच होतं, थियम-चाईचा पत्रा.

"सतराव्या वर्षी दात येणार आहेत त्याला?" थियम-चाईने विचारलं.

"येतील असं मी कुठे म्हणते? आपल्याकडून चुकायला नको."

"आणि माझ्या पत्र्यावर उगवले म्हणजे?"

"तर तुझ्याही पेजेत काहीतरी चावायला मिळेल."

थियम-चाईने डोकं खाजवलं. "टाक. पण एका अटीवर. शेठनी माझा मासा चाखायचा. बाकावरच्या लोकांसमोर."

बिक-हाने एकदा पत्र्याकडे पाहिलं. मग ती दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, कारण पाय फाकले तर दात वाकडे येतात, आणि तिने पुडी उघडून एकेक दात वर भिरकावला. पत्र्यावर टणटण आवाज झाला.

थियम-चाईने काटे काढून, कुस्करून, बशीत घालून आपला मासा आणला. थाउके घरी मऊ खाऊन आता पुन्हा स्टुलावर रुजू झाला होता. बाकावरचे सगळे चमचे थांबले. त्याने हुंगलं. मग खाल्लं. बशी चाटली, मिशा पुसल्या, आणि स्टुलावरून उतरून थेट थियम-चाईच्या गाडीपाशी जाऊन बसला.

थियम-चाईने सगळ्या गल्लीकडे बघून घेतलं. बँकेतल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी वाडग्यात बघितलं.

बिक-हा पातेलं ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

"भूल पूर्ण उतरायला वेळ लागतो," ती म्हणाली. "वय झालंय ना त्याचं."